ताटी उघडा म्हणणाऱ्या मायबहिणी





आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेसाठी तुम्हीही चार पानं लिहा, असा मंडळींचा आग्रह झाला, म्हणून जुन्या वह्या मागवून घेतल्या. वर्गणीच्या, शिध्याच्या, मुक्कामाच्या. कुणी किती पायली ज्वारी दिली, बैलजोडी कुणाची, कोणत्या मुक्कामी कुणाच्या वाड्यात उतारा झाला, हे सारं त्यात आहे. जुन्या मंडळींनी मोठ्या निगुतीनं लिहून ठेवलंय.

पण त्या वह्यांत मी माझ्या आजीचं नाव शोधत होतो. ती किती वर्षं या दिंडीत चालली याचा हिशेब घरातही कुणाला सांगता येत नाही. पाऊस असो, चिखल असो, तुळस कधी खाली ठेवली नाही. वहीत ती सापडली. आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, "सोबत कुटुंब". खाली आणखी एक ओळ, "इतर बाया सात". बास, एवढंच. बैलजोडीच्या मालकाचं नाव आहे, तुळस वाहणाऱ्या बाईचं नाही.

मला कुणाला बोल लावायचा नाही. त्या काळची लिहायची रीतच तशी होती. पण मनात आलं, ज्या पंथात मुक्ताई झाली, जनाई झाली, सोयराई झाली, त्या पंथाच्या दिंडीत असं कसं झालं? म्हणून हा लेख त्या मायबहिणींविषयी, आणि त्यांचं ऐकणाऱ्या न ऐकणाऱ्या थोरामोठ्यांविषयी.

आपली दिंडी सुरू झाली तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि स्वातंत्र्य, स्वराज्य हे शब्द नुकते गावागावांत पोचत होते. पण बाईमाणसानं स्वतःची मोकळीक मागायची, ती उघड बोलून मागायची, ही गोष्ट आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे. सातशे वर्षं झाली तिला.

धाकटी बहीण

निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानकाका आणि मुक्ताबाई. चौघांत मुक्ताई सगळ्यांत लहान. संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलेली, आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, आणि ही लेकरं शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिलेली. हा इतिहास आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत.

एकदा लोकांचं बोलणं ज्ञानदेवांच्या फार जिव्हारी लागलं. ते झोपडीत गेले आणि आतून ताटी लावून बसले. ताटी म्हणजे कुडाचं, काड्यांचं दार. मोठी माणसं बाहेर होती, पण ज्ञानोबांना हाक मारली ती धाकट्या बहिणीनं. तिचे ते ताटीचे अभंग आपल्या भजनात आहेतच. त्यात तिनं नुसती विनवणी केलेली नाही, समजूत घातली आहे, कानही उपटले आहेत. जग रागावलं तर संतानं पाणी व्हावं, आपलाच दात आपल्या जिभेला चावला म्हणून कुणी दात पाडतं का, असं ती थोरल्या भावाला समजावते.

आता विचार करा. बोलणारी वयानं लहान, त्यात मुलगी. ऐकणारा प्रत्यक्ष ज्ञानदेव. "तू मला शिकवणार का?" असं तो म्हणाला नाही. त्यानं ताटी उघडली. माउलींचं थोरपण ज्ञानेश्वरीत आहे, तसं ते त्या उघडलेल्या ताटीतही आहे.

चांगदेवांचंही तेच. योगसामर्थ्यानं चौदाशे वर्षं जगलेला योगी अशी त्यांची ख्याती सांगतात. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, पण मायना काय घालावा हेच कळेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागदच धाडला. तो पाहून मुक्ताई हसली आणि म्हणाली, एवढं तप करून हा कोरा तो कोराच राहिला, अशी कथा आहे. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेवपासष्टी. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताईला. जटाधारी म्हातारा शिष्य आणि पोरसवदा मुलगी गुरू! हे आपल्या पंथात घडलंय, मंडळी. आजही जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून, जुन्या एदलाबादहून, तिची मानाची पालखी महिनाभराची वाट चालून आषाढीला पंढरीत येते.

जात्यावरची जनाई

मुक्ताई भावांच्या मायेत वाढली. जनाईला तेही नव्हतं. गोदाकाठच्या गंगाखेडची पोर, लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या घरी, म्हणजे नामदेवरायांच्या वडिलांकडे आली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, धुणं. दिवस उजाडायच्या आधी सुरू होणारं आणि दिवस मावळल्यावरही न संपणारं काम. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते.

पण ही दासी देवाशी कशी बोलते ते पाहा. देवाला ती दळायला बसवते, शेणी वेचायला लावते, रुसली तर शिव्याही घालते. धन्यापुढे मान वर न करणारी बाई जगाच्या धन्याशी हुज्जत घालते. तिच्याकडे घर नव्हतं, शेत नव्हतं, माहेरचा आधार नव्हता. शब्द तेवढे तिचे होते, आणि ते तिनं कुणाकडे गहाण टाकले नाहीत.

तिच्या एका अभंगात पदर डोईवरून खाली येतो आणि ती हाती टाळ, खांद्यावर वीणा घेऊन भरल्या बाजारात निघते. हा अभंग म्हणताना आपण तल्लीन होतो. पण नीट ऐका, त्यात वीणा बाईच्या खांद्यावर आहे. आणखी एका अभंगात बाईचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नका, असंही ती सांगते. सातशे वर्षांपूर्वीच्या मोलकरणीचं हे बोलणं आहे.

नामदेवांच्या घरानं तिला बोलू दिलं, एवढं श्रेय त्या घराला द्यायलाच हवं. त्या घरात नामदेवांची आई गोणाई आणि बायको राजाई यांच्या नावावरही अभंग आहेत. त्यात त्या नुसती भक्ती करत नाहीत, तक्रारही करतात. संसार उघड्यावर पडला, पोरांच्या तोंडी काय घालू, असं राजाई थेट रखुमाईला विचारते. संताच्या घरातल्या बाईला काय सोसावं लागतं, हेही आपल्या गाथ्यांनी जपून ठेवलं. झाकलं नाही.

महाद्वाराबाहेरची सोयराई

आता जरा अवघड गोष्ट. मुक्ताईनं हाक मारली, ताटी उघडली. सोयराईनं हाक मारली, दार उघडलं नाही.

सोयराबाई म्हणजे मंगळवेढ्याच्या चोखोबांची बायको. अभंगात ती आपली ओळख चोख्याची महारी अशी देते. जात लपवत नाही, उलट पुढे करते. आणि मग विचारते: विटाळ विटाळ म्हणता, पण विटाळावाचून जन्मलेला देह दाखवा तरी कुठे आहे? ज्या देहात देव आहे म्हणता, त्याच देहात विटाळ आहे, मग कोण सोवळा नि कोण ओवळा? हा सवाल दोन्ही बाजूंनी जातो. जातीच्या विटाळाला तो लागू आहे आणि बाईच्या विटाळालाही. बाळंतपणाचं, महिन्याचं, सगळ्याच शिवाशिवीचं मूळ तिनं एका प्रश्नात उपटलं.

चोखोबांची बहीण निर्मळा, तीही अभंग रचणारी. तिची एक गोष्ट सांगतात. सोयराचे दिवस भरले असताना चोखोबा घर सोडून बहिणीकडे गेले. बहिणीनं भावाला आल्या आल्या विचारलं, तिला अशा वेळी एकटी टाकून तू आलासच कसा? एवढा मोठा भक्त, पण बहीण बहिणीच्या जागी उभी राहिली आणि भावजयीची बाजू घेऊन बोलली. ऐकणारा चोखोबा होता, म्हणून तेही बोलणं आपल्यापर्यंत पोचलं.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेर. सोयराईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पंढरीला पुढे सहाशे वर्षं लागली. ते कसं, ते पुढे सांगतो.

त्याच मंगळवेढ्याची कान्होपात्रा. गणिकेच्या पोटी जन्म, रूप असं की बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं. पण माझ्या देहावर हुकूम माझ्या विठ्ठलाचा, दुसऱ्या कुणाचा नाही, असं म्हणून तिनं त्याच्या पायाशीच प्राण सोडला, अशी कथा आहे. देवळातलं तरटीचं झाड तिची खूण म्हणून दाखवतात.

शिऊरची बहिणाबाई

तुकोबारायांच्या काळातली ही गोष्ट. बहिणाबाईंचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. कोवळ्या वयात लग्न झालं ते तिशीतल्या बिजवराशी. नवरा वेदशास्त्र जाणणारा, त्यावरच पोट चालवणारा. घरच्या भांडणापायी सगळ्यांना गाव सोडावं लागलं, फिरत फिरत मंडळी कोल्हापुरात आली.

तिथे जयरामस्वामींची कीर्तनं चालत. दारातल्या कपिला गाईच्या वासराला बहिणाबाईंचा एवढा लळा की ते त्यांच्यामागून कीर्तनालाही जाई. एकदा गर्दीत लोकांनी वासराला बाहेर काढलं. वासरू हंबरायला लागलं आणि आत ही पोर कासावीस झाली. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी वासराला आत घेतलं आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. लोकांत बोलबाला झाला. नवऱ्याचा संताप झाला. त्यानं तिला मारलं, बांधून घातलं.

पुढे तुकोबांचे अभंग कानावर आले आणि ध्यास लागला. तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. मग तर घरात वणवाच पेटला. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं?

ही हकीकत दुसऱ्या कुणी रचलेली नाही. बहिणाबाईंनी स्वतः आपल्या अभंगांत सांगितली आहे. नवऱ्यानं मला मारलं, हे त्या काळच्या बाईनं आपल्या शब्दांत लिहून ठेवलं. मराठीत बाईनं स्वतःची कर्मकथा सांगितल्याचे जे अगदी पहिले दाखले आहेत, त्यांत हा आहे. वेदाचा अधिकार नाही, पुराणंही बाईची निंदाच करतात, मग बाईनं परमार्थ साधायचा कसा, हेही त्यांनी विचारून ठेवलं.

पण त्यांनी संसार मोडला नाही. नवरा घर सोडून जायला निघाला आणि ऐन वेळी तापानं अंथरुणाला खिळला. त्याची सेवा त्यांनीच केली. दुखण्यात तो वरमला. आपण संताची निंदा केली हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तोच बायकोला घेऊन देहूला गेला. देहूत मंबाजीनं त्यांना छळलं, पण त्या हटल्या नाहीत. संतमंदिराच्या बांधणीचा जो अभंग आपण दर कीर्तनात ऐकतो, पाया ज्ञानदेवांचा आणि कळस तुकोबांचा सांगणारा, तो याच बहिणाबाईंचा. म्हणजे आपल्या पंथाचा सगळा इतिहास एका अभंगात बांधून दिला तो एका बाईनं, जिला घरात बांधून घातलं होतं.

आवलीची बाजू

तुकोबांच्या घरातली जिजाई, म्हणजे आवली. कीर्तनात ती आली की लोक हसायला लागतात. कजाग, भांडखोर, देवाला शिव्या देणारी. कीर्तनकारही रंग भरतात. मीही हसलोय. पण तीच आवली भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढून जायची. नवऱ्यानं दिवाळं काढलं, कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, तरी घरातली चूल तिनंच पेटती ठेवली.

तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा धाकटा नारायण तिच्या पोटात होता. त्याला बापाचं तोंड दिसलं नाही. बापाची वारी, बापाचं भजन त्याला घरातल्याच माणसांकडून कळलं असणार, आणि घरात आई होती. त्याच नारायणमहाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. आज आपण ज्या पालखी सोहळ्यात चालतो, त्याची सुरुवात ही. तेव्हा आवलीला हसण्याआधी, या पालखीमागे एका एकट्या पडलेल्या आईचे कष्ट आहेत, हे आठवावं.

सहाशे वर्षांनी उघडलेलं दार

आता सोयराईच्या दाराकडे वळू. १९४७ साल. देश स्वतंत्र होणार हे दिसायला लागलं होतं. पण पंढरीचं देऊळ हरिजनांना बंदच होतं. देश मोकळा होतोय आणि देव कोंडलेला, हे साने गुरुजींना सहन होईना. त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांना विनवलं. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले. १० मेला उपोषण सुटलं, मंदिर खुलं व्हायचं ठरलं. देऊळ उघडू नये म्हणणारीही वडीलधारी मंडळी तेव्हा होती. आपल्यातलीही होती. पण मठाचं दार गुरुजींना उघडून देणारे महाराजही आपल्यातलेच होते.

गुरुजींना हे बळ कुठून आलं? "श्यामची आई" तुम्ही वाचली असेल, नसेल तर घरातल्या पोरांकडून वाचून घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ती लिहिली. त्यात एक प्रसंग आहे. एका महार म्हातारीची लाकडाची मोळी रस्त्यात पडते. शिवायचं कुणी, म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. आंघोळ कर म्हणाली, कारण ती तिच्या काळातली बाई होती. पण आधी मोळी उचल म्हणाली. पोरानं त्यातली आंघोळ मागे सोडली आणि मोळी लक्षात ठेवली. चोखोबांच्या लेकरांसाठी प्राण पणाला लावणारा माणूस अशा एका घरातल्या बाईनं घडवला. तिला लिहिता येवो न येवो, तिचं ऐकणारा मुलगा तिला मिळाला.

आपण काय ऐकणार?

एवढ्या गोष्टी सांगण्याचं कारण एकच. या मायबहिणींना मोकळीक कुणी ताटात वाढून दिली नाही. त्यांनी ती बोलून मागितली. जे थोर होते त्यांनी ऐकलं. ज्ञानदेवांनी ऐकलं, चांगदेवांनी ऐकलं, जयरामस्वामींनी वासरासकट ऐकलं, साने गुरुजींनी ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही, तेही त्या काळचे मोठेच होते, पण आज आपण त्यांच्या नावाचा गजर करत नाही. थोर कोण आणि नुसता वडील कोण, हे आपल्या पंथात असं ठरत आलं आहे.

ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो. आई हाच आपल्याकडे देवाचा मोठेपणा. मग दिंडीतल्या खऱ्या आयांचं नाव वहीत नसावं, हे बरं नव्हे.

म्हणून मंडळींपुढे हात जोडून दोन गोष्टी मांडतो. पहिली, इथून पुढे दिंडीच्या वहीत प्रत्येक वारकरी बाईचं नाव पुरं लिहावं. कुणाची मातोश्री, कुणाचं कुटुंब असं नव्हे, तिचं स्वतःचं. जुन्या ज्या बाया हयात आहेत त्यांना विचारून मागच्या वर्षांचीही नावं भरून काढावीत. दुसरी, मुक्कामाचं, पाण्याचं, आडोशाचं ठरवताना बायांना आधी विचारावं, कारण हाल त्यांचे होतात. आणि ज्या पोरीला चाल येते, जिचा आवाज लागतो, ती म्हणाली मला अभंग धरायचा आहे, वीणा घ्यायची आहे, तर नाही म्हणण्यापूर्वी जनाईचा अभंग एकदा आठवावा. आज कितीतरी बाया उत्तम कीर्तन करतात, आपण जाऊन बसतो, ऐकतो. मग आपल्याच दिंडीत अडतं कुठे? यावर वाद होईल, ठाऊक आहे मला. होऊ द्या. पण त्या वादात बायाही बसलेल्या असाव्यात.

माझ्या आजीला मी कधी विचारलं नाही, तुला काय वाटतं म्हणून. ती पुढे चालायची, मी तिचा पदर धरून मागे. आता विचारायचं म्हटलं तरी ती नाही. तुमच्या घरातल्या आहेत, त्यांना विचारून घ्या. उत्तर आलं की लिहून ठेवा. आणखी शंभर वर्षांनी कुणी वह्या काढील, तेव्हा त्याला "इतर बाया सात" अशी ओळ सापडू नये.